सांगलीतली टायपिंग इन्स्टिट्यूट, छत्तिशीतला विद्यार्थी आणि तीसचा स्पीड

आधीच सांगतो, इन्स्टिट्यूटचं नाव टाकणार नाही. सरांना विचारलं होतं रिव्ह्यू टाकू का म्हणून, तर म्हणाले चांगलं लिहा वाईट लिहा, नाव तेवढं नको, सकाळच्या बॅचला आत्ताच खुर्च्या कमी पडायल्यात. गणपती पेठेच्या बाजूला, खाली दुकानं आणि वर अरुंद जिना, एवढं सांगितलं की जुन्या सांगलीकरांना कळेल, नाहीच कळलं तर पेठेत कुणालाही विचारा टायपिंगचे सर कुठं बसतात.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. वय ३६. सरकारी क्लार्कच्या जागेला खुल्या गटात ३८ पर्यंतच चालतंय, म्हणजे हातात किती वेळ आहे ते तुम्हीच बघा. लिपिक-टंकलेखक म्हटलं की मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं सर्टिफिकेट लागतंच, आणि मी इतकी वर्षं कॉम्प्युटरवर बिलं काढतोय तीपण दोन बोटांनी, कीबोर्डकडं बघत. घरात विषय काढला तर बायको म्हणाली करा की, आई म्हणाली बरं, आणि यार्डातला एक मित्र म्हणाला आता टायपिंग शिकून काय करणार, पोरं मोबाईलवर बोलून टाइप करायलीत. खरं सांगायचं तर तो जे बोलला ते माझ्या डोक्यात आधीपासूनच होतं, त्याने फक्त चहा पिता पिता बोलून दाखवलं. असो.

दोनतीन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी बोर्डच होता ३० दिवसात ३० स्पीड गॅरंटीड, तिथं सगळी फी आधी भरा म्हणाले, मी नमस्कार करून खाली आलो. या सरांकडं गेलो तर त्यांनी पहिल्यांदा मला एक उतारा दिला आणि टाइप करा म्हणाले, मागं उभं राहून बघितलं, आणि म्हणाले तुम्हाला कोऱ्या पोरांपेक्षा जास्त वेळ लागणार, कारण तुम्हाला आधी विसरायचंय. आणि मग म्हणाले फी आत्ता निम्मीच द्या. पहिला महिना दीड महिना तुम्हाला लई राग येणार, स्वतःचाच, बरेच जण तेव्हाच यायचे बंद होतात. त्यानंतर आलात तर उरलेली द्या.

मला हे धंद्याच्या दृष्टीनं येडेपणाचं वाटलं. अडत दुकानात बसणाऱ्या माणसाला उधारीचं गणित कळतंय. पण मागं वळून बघितलं तर या इन्स्टिट्यूटचं सगळं गणितच त्यावर बसवलंय, माणूस मधेच सुटतो कुठं आणि सुटू नये म्हणून काय करायचं. शिकवणं काय, कीबोर्डचा तक्ता भिंतीवर लावला की शिकवणं झालं, नेटवर व्हिडिओपण ढीगभर आहेत. पैसे द्यायचे ते टिकवण्याचे.

आता सुविधा. दोन खोल्या, एकीत मराठी एकीत इंग्रजी, कॉम्प्युटर जुने पण चालू, इन्व्हर्टर आहे त्यामुळं लाइट गेली तरी बॅच बुडत नाही. कीबोर्ड थोडे जड आहेत, मेकॅनिकल वगैरे नाही साधेच, पण सर मुद्दाम जडच ठेवतात म्हणे कारण परीक्षेच्या सेंटरवर कसला कीबोर्ड वाट्याला येईल सांगता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, प्रॅक्टिसच्या कीबोर्डांची बॅकस्पेसची कळ उपटून काढलीय. खरंच. वरची टोपी काढलीय आणि खाली नुसतं पांढरं बोंडूक दिसतंय, त्याच्यावर चिकटपट्टी. चूक झाली तर झाली, पुढं चला. पहिल्या आठवड्यात माझं उजव्या हाताचं बोट सारखं त्या चिकटपट्टीवर जायचं, मीटरच्या काट्यासारखं, आणि तिथं काही नाही म्हटल्यावर परत मागं. शेजारच्या पोरीनं बघितलं आणि हसली, म्हणाली काका मला पण पंधरा दिवस तसंच व्हायचं.

सरांचं यावरचं म्हणणं असं की बॅकस्पेस मारणारा माणूस तीन वेळा वेळ घालवतो, एकदा चुकायला, एकदा मागं जायला आणि एकदा परत टाइप करायला, आणि त्यात नजर उताऱ्यावरनं उडते ती वेगळीच. ज्यांना चूक दिसली की पुढं सरकवत नाही, म्हणजे माझ्यासारखे हिशोबनीस, त्यांना हे जड जातं. यार्डात एक आकडा चुकला तर अख्खी हिशोबपट्टी परत लिहायची सवय. इथं चुका लाल शाईत शेवटी मोजल्या जातात, मधे नाही.

शिकवायची पद्धत जुनीच आहे, रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरसारखी कळांची मांडणी. ज्यांनी मोबाईलवर किंवा इनस्क्रिप्टवर (कॉम्प्युटरवरची दुसरी मांडणी) मराठी टाइप केलंय त्यांना पहिल्यांदा डोकं फिरल्यासारखं होणार. इनस्क्रिप्टमधे आपण उच्चारतो तसं, आधी अक्षर मग वेलांटी. रेमिंग्टनमधे पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, कारण जुन्या मशीनवर कागदावर जे डावीकडं उमटतंय ते आधी मारायचं. श, ण, भ, ध असली अक्षरं अर्धी टाइप करायची आणि काना देऊन पूर्ण करायची. म्हणजे भा लिहायचा तर काना दोनदा, एक भ पुरा करायला आणि एक त्याचा स्वतःचा. रफार मात्र अक्षराच्या नंतर. हे सगळं सर फळ्यावर एकदाच सांगतात, समजावून बसत नाहीत, म्हणतात डोक्याला समजून उपयोग नाही बोटांना समजलं पाहिजे. आणि मग चालू, त्याच चार कळा, पानंच्या पानं. कंटाळा येतो का, येतो. करंगळी आणि अनामिका तर पहिले काही दिवस संपावरच असतात, रात्री जेवताना भाकरी मोडताना कळायचं कुठलं बोट दुखतंय.

उतारे मात्र झकास. सरांनी स्वतः बनवलेत, सगळे सांगलीचे. एका उताऱ्यात १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत पहिलं मराठी नाटक केलं ती हकीकत, त्यात श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन हे नाव तीनदा येतंय, मुद्दाम घातलंय हो ते, त्या र्धनं पोरांची बोटं बांधली जातात. एक उतारा आयर्विन पुलाचा, कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल, पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. एक हळदीचा, त्यात राजापुरी हळद आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन. हळदीचा उतारा माझा पहिला असा होता जो मी कीबोर्डकडं न बघता पुरा केला, आता तो विषय घरचा म्हणून की उतारा सोपा म्हणून ते माहीत नाही. पण त्या दिवशी सर म्हणाले दिवाणजी, आज खाली बघितलं नाही तुम्ही. तोपर्यंत मला सगळी पोरं काका म्हणायची, त्या दिवसापासनं दिवाणजी झालो.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगतो. स्पीड सरळ चढत नाही. शून्याचे बारा भराभर होतात, बाराचे अठरा होतात, माणूस खूश, आणि मग २२-२३ ला येऊन गाडी जी रुतते ती हलायचं नावच घेत नाही. आठवडे जातात. तेवढ्यात तुमच्यानंतर आलेली बारावीची पोरं तिसाच्या पुढं जातात, माझ्या शेजारची तर चाळीसची प्रॅक्टिस करायला लागली. एका मिनिटाला ३० शब्द म्हणजे दोन सेकंदाला एक शब्द, ऐकायला काहीच नाही, पण २२ वर अडकलेल्या माणसाला ते वरचे आठ शब्द डोंगर. त्या दिवसांत मी जिना चढताना रोज हाच विचार करायचो की आपल्यात ते नाहीच, बोटं म्हातारी झाली, यार्डातला तो मित्र बरोबर बोलत होता, आणि तीन महिन्यांची फी फुकट गेली तरी चालेल पण पोरांसमोर रोज हसं नको. यातलं एकही वाक्य मी कुणाला बोललो नाही. तरी सरांना कळलं, कारण त्यांच्याकडं वही असती.

वही म्हणजे प्रत्येकाची एक दोनशे पानी वही, त्यात रोजचा स्पीड आणि रोजच्या चुका, तारखेसकट, सरांच्या अक्षरात. त्यांनी माझी वही उघडली आणि स्पीडच्या रकान्यावर हात ठेवून झाकला, म्हणाले आता नुसत्या चुका वाचा. मी वाचल्या. पहिल्या पानावर चुका चाळीसच्या घरात, आणि त्या रखडलेल्या आठवड्यात सात, सहा, नऊ, पाच. स्पीड जागेवर होता पण चुका खाली येत होत्या, आणि मी एवढे दिवस फक्त डावा रकाना बघत होतो. मग म्हणाले आता आठवडाभर स्पीड मोजायचाच नाही, १८ नं मारा, सावकाश, पण एकसारखं, टक टक टक, मधे थांबायचं नाही आणि पळायचं नाही. अवघड अक्षर आलं की माणूस थांबतो आणि सोपं आलं की पळतो, तिथं स्पीड जातो म्हणे. मला उलटं वाटलं, स्पीड वाढवायचाय तर हळू कशाला, पण केलं. नंतर घड्याळ लावलं तेव्हा २६ आले. चमत्कार नाही, मधे परत २४ पण आले, पण ती रुतलेली गाडी निघाली.

हजेरीचं पण तसंच. लागोपाठ दोन दिवस गेला नाहीत की फोन येतो, रागवायला नाही, नुसतं विचारतात उद्या किती वाजता येताय. येताय का असं विचारतच नाहीत. फेब्रुवारीपासनं यार्डात नवीन हळदीची आवक सुरू होते आणि सौद्याच्या दिवसात आमचं काही खरं नसतं, वजनं, पट्ट्या, शेतकऱ्यांचे हिशोब, रात्रीचे आठ कधी वाजले कळत नाही. मी सांगितलं सर सीझन आहे, मे नंतर येतो परत. तर म्हणाले नाही ओ, मे नंतर तुम्ही येत नाही, मला माहीत आहे, रात्री साडेआठला या आणि पंधरा मिनिटं करून जा, एवढंच. एक उतारा आणि घरी. त्या सीझनमधे माझी प्रगती शून्य आहे, वही उघडून बघा, पण नागा नाही. फक्त ज्या मशीनवर मी बसायचो त्याच्या क, र आणि काना या कळा अजून पिवळट आहेत, हात कितीही धुवा हळद जात नाही. सर आलेल्या नवीन पोरांना दाखवतात म्हणे, हे दिवाणजींचं मशीन.

जिन्यात भिंतीवर एक रेघ आहे, ऑगस्ट २०१९. त्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि पेठेत काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. सरांनी कॉम्प्युटर वर हलवले, पण तेव्हा जुने मॅन्युअल टाइपरायटर खालच्या गाळ्यात होते, ते गेले. एक अजून कोपऱ्यात ठेवलाय, रोलरच्या खाली गाळ वाळून घट्ट बसलाय आणि काही दांड्या वर उठलेल्या तशाच अडकल्यात. मी विचारलं तेव्हा बंद करावं वाटलं नाही का, तर म्हणाले वाटलं की, चांगलं दीड महिना वाटत होतं, आणि मग परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आली, पोरं विचारायला आली, मग काय करणार. बस. एवढंच उत्तर. मला आपली मोठी गोष्ट ऐकायची तयारी होती.

भिंतीवर एक कात्रण पण आहे, मला असली प्रेरणादायी कात्रणं आवडत नाहीत, जिममधे लावतात तसली. पण हे जरा बरं आहे. आपल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमधे गोळाफेकीत एफ ४६ (हात अधू असलेल्यांच्या) गटात रौप्यपदक, १६.३२ मीटर. लहानपणी सायकलवरनं पडून डावा हात अधू झाला, पुढं मेकॅनिकल इंजिनिअर, आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांना शिकवायचं काम पण केलेलं. कात्रणाखाली सरांनी पेनानं लिहिलंय, सोन्याचा गोळा १६.३८. सहा सेंटिमीटर. एका पोरानं विचारलं सर हे कशाला लिहिलंय, सोनं गेलं ते, तर सर म्हणाले आकडा पुरा लिहावा म्हणून. त्या पोराला काय कळलं माहीत नाही, मला वहीतला उजवा रकाना आठवला.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं की लोकांना वाटतंय सरांचा भाचा आहे. खुर्च्या बेकार. प्लॅस्टिकच्या, उंची कमी जास्त होत नाही, उंच माणसाची मनगटं वर उचललेली राहतात आणि तासाभरानं खांदा धरतो, मी घरनं उशी नेत होतो. मराठीच्या खोलीत पंखा एकच आणि तो सरांच्या टेबलावर, एप्रिल मे मधे कागद घामानं ओला होतो. गाडी लावायला जागा नाही, दुपारी तर नाहीच, चालत या नाहीतर लांब लावून या. ऑफिसचं काम फार ढिलं, परीक्षेच्या फॉर्मची तारीख व्हॉट्सॲपवर शेवटच्या दोन दिवसांत येते आणि मग सगळी पोरं झेरॉक्सच्या दुकानात. सर शिकवतात चांगलं, कागदपत्रात लक्ष नाही, एक माणूस ठेवला पाहिजे. आणि ईमेल, पत्र, तक्ता या भागाकडं फारच उशिरा वळतात. सर्टिफिकेटसाठीची राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा नुसती स्पीडची नसते, ऑब्जेक्टिव्ह प्रश्न असतात, ईमेल, पत्र, स्टेटमेंट आणि मग स्पीडचा उतारा. तक्त्याचे रकाने बसवायला मला नाकी नऊ आले, ते दोन महिने आधी सुरू केलं असतं तर बरं झालं असतं. हे सरांना तोंडावर सांगितलंय, म्हणाले पुढच्या बॅचला बघू, बघू म्हणजे काय ते बघू.

फी इतरांइतकीच आहे, परीक्षेची फी वेगळी, आणि ती निम्मी निम्मी द्यायची सवलत मी सांगितली म्हणून मागू नका, सर माणूस बघून ठरवतात.

माझी परीक्षा झालीय, निकाल यायचाय. उतारा पुरा झाला, चुका किती ते माहीत नाही, क्लासमधे शेवटी शेवटी ३१-३२ पडत होते आणि वाईट दिवशी २८. २८ पडले तर परत बसणार, फॉर्मचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. मधे यार्डातला तोच मित्र म्हणाला माझ्या पोराला घालू का तिकडं. म्हटलं घाल, पण त्याला रोज जायला लागेल आणि तू त्याला स्पीड किती झाला असं रोज विचारायचं नाहीस.

कुणी जावं, तर ज्यांना हातात वेळ आहे, निदान सहा महिने, आणि ज्यांना घरी बसून व्हिडिओ बघून होत नाही हे स्वतःला माहीत आहे त्यांनी. ज्यांना पंधरा दिवसांत सर्टिफिकेट पाहिजे त्यांनी जाऊ नये, सरांचा पण वेळ वाचेल. नोकरी करणाऱ्यांनी संध्याकाळी सातची बॅच मागू नका, ती पोरांची असते आणि कालवा असतो, साडेआठची मागा, चारपाच जणच असतात, एक पोस्टातल्या ताई आहेत, एक रिक्षावाले दादा, सगळे थकून आलेले त्यामुळं कुणी कुणाच्या स्क्रीनकडं बघत नाही. जाताना दहावीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन जा, फॉर्मवर नाव अगदी त्यावर आहे तसंच टाका, लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी तर जास्त बघून. आणि उशी न्या.

पाचातले चार. खुर्च्या बदलल्या की कळवा, साडेचार करतो.